व्हरांड्यातल्या रायफली

रोह्याच्या पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीला लागून एक लांब बाक आहे. आज सकाळपासून मी आणि मामी त्या बाकावर बसून आहोत. मामीच्या मांडीवर कापडी पिशवी आहे. तिच्यात मामाच्या मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, दोन फोटो आणि बंदुकीच्या परवान्याचं जुनं पुस्तक. त्या पुस्तकाचे कोपरे खिशात राहून राहून पिठाच्या गोळ्यासारखे गोल झालेत. आतल्या कुलपाच्या खोलीत मामाची रायफल आहे. मामा गेला तेव्हा ती इथे जमा करावी लागली. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. आता मुदत संपत आलीय. मामीनं वारस म्हणून परवाना मागायचा, नाहीतर परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला रायफल देऊन टाकायची, नाहीतर ती सरकारजमा होईल. सरकारजमा झालेल्या हत्यारांचे तुकडे करतात असं आम्हांला याच ठाण्यात समजलं. सांगणारा माणूस भला होता. त्यानं ते हळू आवाजात सांगितलं.

रायफल मागणारा माणूस तयार आहे. त्याची चिठ्ठी पिशवीतच आहे. मामी काय करणार ते मला माहीत नाही. तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मी नुसती बसून हा व्हरांडा बघतेय.

पोलीस ठाण्यात कसल्या आठवणी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी आजवर जी प्रदर्शनं पाहिली त्यातलं सगळ्यात देखणं याच व्हरांड्यात भरायचं.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा नियम. ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो, दिल्लीची असो. डोंगराकडच्या गावांतून शेतकरी येत. डुकरांपासून भात राखायला आज्याच्या नावानं मिळालेली बंदूक कुणी गोणपाटात गुंडाळलेली, कुणी बायकोच्या जुन्या लुगड्यात, एकानं तर छत्रीच्या कापडी पिशवीत घातलेली. एसटीच्या कंडक्टरला 'पहार हाय' असं सांगून आणलेली. मग या भिंतीला टेकून त्या ओळीनं उभ्या राहत. प्रत्येकीच्या गळ्यात सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा, तुकड्यावर गावाचं नाव. बहुतेक ठासणीच्या, तारेनं आवळलेल्या, म्हाताऱ्या, दात पडलेल्या. आणि त्यांच्यामध्ये चार-पाच अशा, की ओळखायला नाव वाचावं लागू नये. लांब, सडपातळ, गडद निळसर नळीच्या विलायती रायफली. लग्नाच्या मांडवात एखादी मावशी काही न बोलता बसलेली असावी आणि सगळ्यांना तिच्या बसण्यावरूनच कळावं की ही वेगळी, तशा.

माझा मामा या चार-पाचांसाठी जगायचा.

तो रोह्याच्या एका कंपनीत फिटर होता, रोह्याला लागूनच्या वरसे गावात राहायचा, पाच गुंठे कमी दोन एकर भात लावायचा आणि भातानंतर वाल. निवडणूक आली की शिफ्ट बदलून घेणारा कंपनीतला तो एकटाच माणूस, आणि तेही मत द्यायला नव्हे. स्वतःची रायफल जमा करायला म्हणून तो सकाळी ठाण्यात यायचा आणि दुपार उतरेपर्यंत हलायचा नाही. इथल्या जुन्या हवालदारांना नळीवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे लागत नसत. मामा ते वाचून नोंदीसाठी सांगायचा. बंदूक रिकामी आहे की नाही ते बघून द्यायचा, गंज असेल तर पुसून द्यायचा. त्या मोबदल्यात त्याला प्रत्येक विलायती रायफल अर्धा तास हातात मिळायची. हवालदार त्याला "आला आमचा इन्स्पेक्टर" म्हणत. मामा हसायचा आणि खिशातून कागद काढायचा.

हा कागद म्हणजे आमच्या घरचा कागद.

आमचं घर पेणला. बाबांचा छोटा छापखाना होता, पायानं दाबायचं यंत्र, लाकडी खणांत खिळे. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि पत्रकं छापून मन. मिठागरातल्या कामगारांची पत्रकं, खाडीकाठच्या खारजमिनीची, धरमतरला बांध फुटून भातात खारं पाणी शिरलं त्याची. मी अक्षरं शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवर. इतर मुलींना अंगाईगीतं पाठ असतील, मला मागण्या पाठ होत्या, अनुक्रमांकासह. शाईचा, रॉकेलचा आणि ओल्या कागदाचा वास मला अजूनही रस्त्यात कुठे आला तर पाय आपोआप थांबतात. चुकून वाकडी छापली गेलेली पत्रकं, जास्तीची पत्रकं, सभा उधळली म्हणून न वाटलेली पत्रकं, यांचा गठ्ठा माळ्यावर साठायचा. त्यांची मागची बाजू कोरी.

मामा त्या कोऱ्या बाजूवर रायफली गोळा करायचा.

नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली की राजमुद्रा कागदावर उमटते. हा खेळ प्रत्येकानं शाळेत खेळलाय. मामानं तो म्हातारपणापर्यंत खेळला. रायफलीच्या लोखंडी अंगावर कोरलेली वेलबुट्टी, गुलाबाचे बारके गुच्छ, पळणारा ससा, कारखान्याचं गाव, छाप. कागद घट्ट धरायचा, पेन्सिल अशी हलकी फिरवायची की जणू झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून हात फिरतोय, आणि कागदाच्या धुक्यातून एक पान वर येई, मग दुसरं, मग देठ. खाली तो लिहायचा: कुठल्या गावची, कुणाकडची, दस्ता कसला, नळी आतून कशी. परवाना त्याला एकाच रायफलीचा होता. एकच त्यानं पाळली. पण रोहे आणि पेण तालुक्यातली एकही विलायती रायफल त्याच्या गठ्ठ्यातून सुटली नाही. पेणच्या ठाण्यात बंदुका जमा होत तेव्हा तो आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला यायचा, आणि आई म्हणायची, याला भाऊबीज आठवत नाही पण आचारसंहिता बरोबर आठवते.

बाबांना हे पटायचं नाही. जेवताना हमखास विषय निघायचा. बाबा म्हणत, साहेब इथे शिकारीला यायचा, गावच्या माणसांना जनावरासारखं रानात पिटाळायचा, त्याच्या खेळण्यावरची फुलं तू माझ्या पत्रकांवर उमटवतोस.

मामा माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि म्हणायचा, "भावोजी, साहेबानं फुलं नाय काढली. साहेबानं फक्त चाप वडला."

बाबा भात कालवू लागत. मग मामा हळूहळू सांगू लागे. की हे वेल कोरणारा कुणीतरी कारखान्यातला माणूस होता. त्याचं नाव कुठेच नाही. नाव मालकाचं. तो माणूस दिवसभर भिंगाखाली मान घालून बसला असेल, त्याचीही शिफ्ट असेल, त्याच्याही डोळ्यांतून पाणी येत असेल. मामा फिटर होता. एक बारीक स्क्रू किती बरोबर बसलाय, त्याची खाच सरळ नळीच्या दिशेनं आहे, हे बघून तो त्या न बघितलेल्या माणसाला दाद द्यायचा, जशी एखाद्या पट्टीच्या भजनकऱ्याला द्यावी. "काय बसवलाय बघ," तो म्हणायचा. कुणी बसवलाय ते कधीच म्हणायचा नाही, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि हीच त्याची खंत होती.

मामाची स्वतःची रायफल घरात कशी आली, याच्या तीन गोष्टी होत्या. मिठाच्या खात्यातला एक साहेब धरमतरहून परत जाताना पणजोबांना देऊन गेला. किंवा पणजोबांनी ती त्याच्याकडे काम केल्याबद्दल मागून घेतली. किंवा पुढं लिलावात आली. मी लहान असताना मला तिन्ही खऱ्या वाटायच्या. आता एकही वाटत नाही, आणि फारसं बिघडतही नाही.

तिच्या आठवणीचे मला ऋतू आहेत. पावसाळ्यात ती मधल्या खोलीत कपाटात उभी असायची, नळीला मेणकापड, पायाशी कळीच्या चुन्याची पुरचुंडी. हवेतली ओल चुन्यानं प्यावी, लोखंडानं नव्हे. वालाला फुलं आली की तिची आंघोळ. अंगणात घोंगडी टाकून मामा बसायचा. मामीचं जुनं सुती पातळ फाडून केलेल्या चिंध्या, शिलाई मशीनचं तेल, दस्त्याला जवसाचं तेल. मामी ओसरीवरून बघत म्हणायची, माझ्या पाठीला कधी तेल लावलं नाय, सवतीला बघा कसं चोळतायत. मामा त्यावर एक चिंधी पुढे करून म्हणायचा, "ये, तू पन लाव. सवतीचं सवतीनं केलं की पुण्य लागतं." मामी चिंधी त्याच्याच अंगावर फेकायची.

चापाखालची कडी खाली ओढली की मागचा लोखंडी ठोकळा अलगद खाली सरकायचा. आवाज यायचा, जाड दार नीट लागतं तेव्हा येतो तसा. मग मामा मला बोलवायचा. मागून डोळा लावायचा आणि नळी आभाळाकडे धरायची. आत पिळलेले आटे, चकचकीत, आणि त्यांच्या टोकाला आभाळाचा एक गोल, हळदीच्या गाठीएवढा. नळी जराशी फिरवली की सगळं आभाळ पिळलं जायचं. मी किती वेळ बघत बसायचे. त्या रायफलीची काडतुसं कित्येक वर्षांपूर्वी यायची बंद झाली होती. मामानं आयुष्यात तिच्यातून तीन बार काढले, तेही हवेत, डुकरांना हाकलायला. माझ्यासाठी ती आभाळ बघायची नळी होती. कुणी मला सांगितलं की हत्याराविषयी असं बोलू नये, तर मी सांगेन की मी बघितलं ते आभाळच होतं, आता ते मी दुसरं काय सांगू.

तिच्या पोलादी कुशीवर लंबगोलात एक हरीण कोरलेलं होतं. मागे गवत, डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं. मामा त्याला सांबर म्हणायचा आणि त्याला एक तक्रार होती. सांबराला इतके फाटे फुटत नाहीत. कारागिरानं सांबर बघितलेलंच नाही, सांगोवांगी काढलंय. मग स्वतःच त्याची बाजू घ्यायचा. "आपल्या जोह्यातल्या कारागिरांनी तरी सिंह कुठं बघितलाय? पन देवीच्या पायाखाली बसवतात का नाय?" पुढे कधीतरी पुस्तकात मी विलायतेतलं हरीण पाहिलं. त्याला तितकेच फाटे असतात. कारागिरानं स्वतःच्या रानातलं बघून काढलं होतं. मी मामाला हे सांगितलं नाही. त्याचा सांबर न बघितलेला कारागीर मला जास्त आवडत होता.

जोह्याचं नाव आलंच आहे तर सांगते. बाबा जोहे-हमरापूरकडे गणपतीच्या कारखान्यांत पत्रकं वाटायला जात तेव्हा मला सोबत नेत. तिथे मला एका कामगार मावशीनं उरलेल्या सोनेरी रंगाची डबी दिली. गणपतीच्या मुकुटाला लावतात तो रंग. ती डबी घेऊन मी नवरात्रात वरशाला गेले. खंडेनवमीला मामा कोयता, विळा, नांगराचा फाळ, कंपनीतला पाना आणि रायफल पाटावर मांडायचा. सगळ्यांना झेंडूची फुलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पेणच्या मुलीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: ज्याची पूजा करायची त्याला सोनेरी लावायचं. मामा आंघोळीला गेला असताना मी बारीक कुंचल्यानं हरणाची शिंगं रंगवली. मग गुलाब रंगवले. मग वेल. नळीवर इंग्लंडच्या राजाच्या मुकुटाचा एक बारका छाप होता, त्याला मात्र मुद्दाम नाही लावला. बाबांची मुलगी होते.

मामा बाहेर आला आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून उभा राहिला. शंभर वर्षांच्या कोरीव कामावर गणपतीचा रंग. मामी म्हणाली, आता पोरीला मारू नका. मामानं मारलं नाही. चिंधीला तेल लावून वरवरचं पुसून घेतलं. खाचांमधलं तसंच राहिलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हरनाला आजवर कुनी सण दाखवला नव्हता."

खाचांमधलं ते सोनं कधीच गेलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत शिंगांच्या टोकांना ते बारीक चमकत राहिलं.

दस्त्याचंही असंच. विलायती अक्रोडाचा दस्ता माझ्या जन्माआधीच मुठीत धरायच्या जागी मोडला होता. गावातल्या सुतारानं फणसाचा नवा करून दिला. हळदीच्या रंगाचा, मग मधाच्या, मग जवस पिऊन पिऊन जुन्या गुळाच्या. गाल टेकवायच्या जागी मामाच्या गालानं आणि त्याच्या बापाच्या गालानं एक गुळगुळीत खळगा पडला होता.

मग मी मोठी झाले, म्हणजे कॉलेजला गेले, म्हणजे मला सगळं कळू लागलं. मी स्वतः पत्रकं लिहू लागले. एकोणिसाव्या वर्षी मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. साहेबाच्या शिकारीच्या वस्तू घराघरांत मिरवणाऱ्यांविरुद्ध. हाकारे घालताना जनावराच्या पायाखाली गेलेल्या आमच्या माणसांविषयी. शेवटी लिहिलं होतं की ही हत्यारं धरमतरच्या खाडीत फेकून द्या. बाबांनीच छापलं. पहिली प्रत मी मुद्दाम वरशाला जाऊन मामाच्या हातात दिली.

त्यानं चष्मा लावून पूर्ण वाचलं. शब्दन् शब्द. मग पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्यानं अंगठ्यानं कागद चाचपला.

"कागद बरा हाय गो," तो म्हणाला.

आणि माझ्यासमोर त्या पत्रकाच्या पाठीवर त्यानं हरणाचा ठसा घेतला. मी चिडून निघून गेले. पुढे बरेच महिने मी त्या घरी गेले नाही. त्या महिन्यांचं काय करावं ते मला अजून कळत नाही. ते परत मागायला कुठलं ठाणं नाही.

त्या पत्रकातलं एक वाक्यही मी आज मागे घेत नाही. हाकाऱ्यांचं खरं होतं. पिटाळणं खरं होतं. पण मी एक चूक केली होती, आणि ती बाबांनी शिकवलेल्या तत्त्वातलीच चूक होती. वस्तू कुणी विकत घेतली यावरून ती कुणाची हे मी ठरवलं. घडवणाऱ्यावरून नाही. जपणाऱ्यावरून नाही. जन्मभर 'कसेल त्याची जमीन' म्हणणाऱ्या घरातली मुलगी, आणि बंदूक मात्र मी साहेबाच्या नावावर करून टाकली.

गेल्या महिन्यात रायफल मागणारे ते गृहस्थ आले. मुंबईहून, स्वतःच्या गाडीनं. जुन्या विलायती रायफली जमवतात, रीतसर परवाना आहे, बोलायला नम्र. मामीचं आणि त्यांचं बोलणं आधी फोनवर झालं होतं. ठाण्यातल्या साहेबांच्या परवानगीनं याच व्हरांड्यात टेबल लावून रायफल त्यांना दाखवली गेली. त्यांनी पांढरे सुती हातमोजे घातले. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. कडी ओढून ठोकळा खाली सरकला तेव्हा त्यांनीही मामासारखेच डोळे मिटले. त्या आवाजासाठी. नळीतून त्यांनीही आभाळ बघितलं. कुठल्या वर्षांतली, कुठल्या गावच्या कारखान्याची, हे त्यांनी छाप बघून घडाघड सांगितलं. मामा असता तर त्यांना घरी जेवायला नेलं असतं.

मग त्यांनी भिंग काढलं आणि हरणावर धरलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. शिंगांत सोनं आहे, ते म्हणाले. खरं सोनं भरलेलं दिसतंय. अशी फार थोडी असतात, मोठ्या कुणासाठी तरी करून घेतलेली.

मामीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

"ते जोह्याचं आहे," मी म्हणाले.

त्यांना कळेना. मी डबीची गोष्ट सांगितली. शेजारचा शिपाई तोंड फिरवून हसायला लागला. गृहस्थ हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. म्हणाले, काही हरकत नाही, ते रसायनानं निघून जाईल. हा लाकडाचा भागही काढू. तिकडून जुन्या अक्रोडाचा मागवता येतो. आणि एक विनंती होती. मिठाच्या खात्यातल्या साहेबानं तुमच्या पणजोबांना ही दिली, याच रायफलीनं त्यानं इथल्या घाटात वाघ मारला होता, असं दोन ओळींत लिहून सही करून द्याल का? काचेच्या कपाटात शेजारी ती चिठ्ठी लावायची.

मी म्हणाले, वाघाचं कुणीच कधी सांगितलेलं नाही. ते म्हणाले, नसेलही, पण असेलही. मी म्हणाले, आणि पणजोबांचं नाव कुठे येईल? ते जरा विचारात पडले. त्यांच्या डोक्यात ती जागाच नव्हती. वाईट हेतूनं नव्हे. नव्हतीच.

इतका वेळ मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं विचारलं, "काय काय काढनार तुमी?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. रंग. दस्ता. दस्त्यावरच्या खुणा. नळीवरचे डाग.

"मंग उरंल काय?"

"ओरिजिनल रायफल, मावशी. जशी होती तशी."

"म्हंजे आमच्या आधीची," मामी म्हणाली.

त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं तिला पटलं. चिठ्ठीचा मसुदा त्यांनी स्वतःच लिहून दिला, स्वच्छ अक्षरात, फक्त सही बाकी. तीच आज पिशवीत आहे. मामीनं ती घडी करून ठेवली आणि महिनाभर त्याविषयी एक शब्द बोलली नाही.

मी बोलले. माझं तोंड गप्प राहणारं नाही. मी तिला दोनदा घरी जाऊन सांगितलं की सही करू नकोस. माझ्या ओळखीच्या चळवळीतल्या लोकांनी मला विचारलं, तू साहेबाची बंदूक वाचवायला निघालीस? मी त्यांना सांगितलं, साहेबाची बंदूक वाचवायला तो गृहस्थ आलाय. मी फणसाचा दस्ता वाचवतेय. ते हसले. हसू देत. ज्यांना वाटतं की गरिबाला सुंदर वस्तूवर प्रेम करायचा हक्क ती वस्तू आधी कुणाची होती हे तपासून मिळतो, त्यांच्याशी माझं भांडण आहे, मग ते काचेच्या कपाटातून बोलोत की सभेच्या व्यासपीठावरून. देखणेपण ही मालकाची मिरास नाही. ते एका नाव नसलेल्या माणसानं कोरलं आणि वरशाच्या एका फिटरनं पेन्सिलीनं कागदावर घेतलं. मध्ये कोण मालक होता तो होता.

मामीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, भाजी निवडू लाग.

तिच्या बाजूनंही बघायला हवं. घर तिचं एकटीचं. भाताच्या जागी आता चारी बाजूंनी इमारती आल्या, डुकरं कुठून यायची. या वयात ठाण्याच्या फेऱ्या, दर निवडणुकीला रायफल उचलून आणायची, नूतनीकरण, चौकशी. सही केली तर एका दिवसात सुटका. मी पेणला राहणार, भाषण देऊन निघून जाणार.

दुपारी आम्हांला आत बोलावलं. लेखनिक तरुण होता, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यानं विचारलं, हस्तांतर ना? त्या मुंबईच्या साहेबांच्या नावे?

मामीनं पिशवीतून चिठ्ठी काढली. सही नव्हती. तिनं ती टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे सरकवली, जशी नको असलेली ताटली सरकवतात. "ही ज्याची त्याला द्या," ती म्हणाली. "परवाना माझ्या नावानं मागायचाय."

माझा हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेला. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर तिनं न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला.

लेखनिकानं अर्ज पुढे ओढला. नाव, वय, पत्ता. मग कारणाच्या रकान्याशी थांबला. जुन्या परवान्यावर पीक संरक्षण होतं. मावशी, शेती आहे का आता? मामी म्हणाली, परसात वालाचा एक वेल हाय. तो हसला. मग आत्मसंरक्षण लिहू? "माझ्यावर कोन येतंय," मामी म्हणाली, "आनि आला तर त्याला वरवंटा पुरे." बाजूच्या टेबलावरची हवालदार बाई खुसकन हसली. लेखनिक अडचणीत पडला. तो मनानं चांगला होता, त्याला खरंच मदत करायची होती. त्यानं पेन टेकवलं, पुटपुटत लिहिलं आणि आम्हांला वाचून दाखवलं: दिवंगत पतीची आठवण म्हणून.

मला ते बरं वाटलं. मी तेच लिहिलं असतं, कदाचित दोन विशेषणं जास्त घालून.

"ते खोड," मामी म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

"आठवनीला परवाना लागत नाय, पोरा. ती माझ्याजवळ हाय, ती मागायला मी इथं कशाला येऊ? परवाना बंदुकीला लागतो. बंदूक माझी हाय. तेवढंच लिव."

अर्ज वर जायचा होता. वरून काय येईल ते आम्हां तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. लेखनिकानं माझ्याकडे बघितलं. शिकलेली मीच होते, काहीतरी योग्य शब्द सुचवेन असं त्याला वाटलं असावं. मी काहीच सुचवलं नाही. त्यानं आधीची ओळ खोडली, आणि रकाना लहान होता म्हणून अक्षर बारीक करून लिहिलं: बंदूक माझी आहे. मामीनं अर्ज आपल्याकडे फिरवून घेतला, चष्मा वर सरकवला, एकेक अक्षर बोटानं तपासलं, आणि सही केली.